निलगिरी वळणावरचं लाल निशाण

१

निलगिरी वळणावर लाल निशाण वर गेलं आणि माझ्या शेजारी बसलेल्या उलिसेसने तोंडातल्या तोंडात शिवी हासडली.

"कोण उधळलं?" मी विचारलं.

"धुळीला विचार," तो म्हणाला.

धूळ म्हणजे धूळ. पावसाने तोंड फिरवून महिना झाला होता, आणि पंचांच्या माडीवरून समोरचं वळण म्हणजे नुसता पिवळा पडदा. त्या पडद्यातून दोन करड्या घोड्यांची तोंडं एकदमच बाहेर आली. सरळ पट्ट्यावर देल्फोर अल्तुनाची सेनिसा पुढे सरकली आणि अर्ध्या मानेने जिंकली. दुसरा आला सुल्तान, म्हणजे अस्तेजियानोंचा घोडा. बाकीचे कुठल्या कुठे मागे राहिले होते.

आमच्या सान ओनोरिओत घोड्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. मागे दोन चाकांची हलकी सुल्की, तीत सारथी, आणि घोड्याने रहवाल चालीनेच पळायचं: डावे दोन्ही पाय एकदम, मग उजवे दोन्ही एकदम. ती चाल मोडू नये म्हणून एका बाजूच्या पुढच्या-मागच्या पायांना चामड्याच्या पायवाद्या बांधतात. चाल मोडून घोडं चौखूर उधळलं आणि सारथ्याने ते लगेच आवरलं नाही, तर वळणावरचा पंच लाल निशाण वर करतो. निशाण पडलं की ती शर्यत गेली; हंगामात तीनदा पडलं की ते घोडं शर्यतींतून कायमचं बाद.

सेनिसावर त्या हंगामात दोन निशाणं पडून झाली होती. बाद झालेल्या घोडीला आमच्याकडे एकच गिऱ्हाईक असतं, कत्तलखान्याचा ट्रक. तो महिन्यातून एकदा येतो आणि त्याला भाव करायची घाई नसते.

खालून लिसांद्रो अस्तेजियानो सुल्कीतूनच ओरडला, "तक्रार! चार नंबरवर तक्रार! घोडी वळणावर उधळली, निशाण सगळ्यांनी पाहिलंय!"

देल्फोर घोडी वळवून माडीखाली आला. हा एरवी सात शब्द बोलला तर आठव्याची माफी मागणारा माणूस. त्या दिवशी त्याची मान ताठ झाली होती.

"खोटं आहे!" तो म्हणाला. "उलिसेस साहेब, आईशप्पत, माझ्या घोडीने चाल मोडली नाही."

उलिसेसने घंटा वाजवली. निकाल थांबवल्याची पाटी वर चढली. देल्फोर घोडी सोडवायला तबेल्याकडे गेला, आणि थोड्या वेळाने परत आला तेव्हा त्याच्या हातात पायवादी होती. वादी मधोमध तुटलेली होती.

"ही तुटली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "म्हणून उधळली. लिहून घ्या."

२

आता पंच कोण ते सांगतो, म्हणजे न्याय कसा होतो ते कळेल. मुख्य पंच उलिसेस बारेनेचेआ, स्वतः जुना सारथी, एका वळणावर सुल्कीखाली सापडून पाय अधू झालेला. दुसरा मी, एवारिस्तो, गावातला औषधवाला. मला घोड्यातलं कळत नाही, पण कुणाशी वैर नाही म्हणून मला घेतलेलं. तिसरे थोरले अस्तेजियानो. धान्याची कोठारं त्यांची, क्लबाचं अध्यक्षपद त्यांचं, मैदान सपाट करणारा ट्रॅक्टरही त्यांचाच. मुलगा शर्यतीत असला की नियमाप्रमाणे ते खुर्ची सोडतात आणि शेजारच्या खुर्चीवर बसतात.

कॅमेरा एकच, शेवटच्या खांबावर. वळणावर दुसरा बसवायचा ठराव क्लबात दरवर्षी पास होतो आणि दरवर्षी त्या पैशाचं मटण खाल्लं जातं.

"सोपं झालं," थोरले म्हणाले. "आरोपी स्वतःच कबूल करतोय. निकाल फिरवा आणि जेवायला चला."

"वादी तुटल्यामुळे उधळली असेल तर शर्यत जाते, पण निशाण मोजलं जात नाही," उलिसेस म्हणाला. "घोडी वाचते."

"वाचू द्या हो. आम्ही काय खाटीक आहोत?"

उलिसेसने तुटकी वादी टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. वादी घामाने आणि मातीने वरपासून खालपर्यंत लिंपलेली होती. त्याने ती माझ्यापुढे सरकवली.

"तोंड बघ," तो हळूच म्हणाला.

मी पाहिलं. तुटलेल्या टोकाचं आतलं चामडं स्वच्छ, पिवळंधमक दिसत होतं.

"म्हणजे?"

"म्हणजे तू औषधंच वीक. लिसांद्रोला बोलाव."

लिसांद्रो आला तो रुमालाने मान पुसत, बापाशेजारी बसला आणि पाय लांब केले. चांगला सारथी होता, हे माझ्यासारख्यालाही मान्य आहे. हरायची सवय मात्र त्याला कुणी लावली नव्हती.

"वळणावर कोण कुठे होतं?" उलिसेसने विचारलं.

"मी आत, कठड्याला चिकटून. पुढे कुणी नाही. ती बाहेरून आली, माझ्या बरोबरीला लागली, उधळली, आणि मला कठड्यावर दाबलं. चाक घासायचंच राहिलं."

"नक्की आत होतास?"

"काका, त्या कठड्याचा रंग माझ्या बाहीला लागलाय. बघा." त्याने पांढरी पडलेली बाही पुढे केली.

"बघितली," उलिसेस म्हणाला आणि त्याने ते माझ्याकडून शब्दन् शब्द लिहून घेतलं.

देल्फोरने तेच सांगितलं, फक्त कमी शब्दांत. "मी बाहेर. तो आत."

"वादी कुठे तुटली?"

"वळणावर."

"आवाज आला?"

"आला असेल."

"तू मघाशी म्हणालास, घोडीने चाल मोडली नाही. आईची शपथ घेतलीस."

देल्फोरने टोपी हातात फिरवली. "आई वारली माझी, साहेब," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला. माणसाने एकदा खरं बोलावं नाहीतर एकदा खोटं, पण घडीघडीला सदरा बदलल्यासारखं करू नये. तेवढ्यात खिडकीतून ट्रॅक्टरची घरघर ऐकू आली. उलिसेस खुर्चीवरून उठला तो काठी विसरूनच.

"निकाल पक्का झालेला नसताना मैदानावर कुळव कुणी सोडला?" तो ओरडला.

३

ट्रॅक्टर निलगिरी वळणावरूनच परत येत होता. बाकी मैदान तसंच, फक्त ते एक वळण नव्या नवरीच्या भांगासारखं विंचरून ठेवलेलं. चालवणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मालकांनी सांगितलं, धूळ फार झालीय, तिथून सुरुवात कर."

"कुठल्या मालकांनी?"

"मालकांनी," तो म्हणाला. त्याच्या लेखी मालक एकच असावेत, बाप आणि लेक मिळून.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला लाकडी मचाण आहे. तिथे एल्सीरा बोर्दोन दुर्बीण गळ्यात अडकवून खुर्चीवर बसली होती. या वळणावरची पंच, निवृत्त शिक्षिका. गावातल्या निम्म्या लोकांचे कान तिने पिळलेले आहेत, त्यात माझाही एक.

"बाई, वर येऊ का?" उलिसेसने विचारलं.

"त्या पायाने? मीच उतरते. आणि आधीच सांगते, निशाण मी मागे घेणार नाही. आयुष्यभर पोरांच्या चोऱ्या पकडल्यात मी. मला उधळलेलं घोडं कळतं."

"कसं कळलं?"

"डोक्यावरून. रहवाल चालीत डोकं स्थिर असतं. उधळलं की वर-खाली होतं. करडं डोकं असं वर-खाली होताना मी या डोळ्यांनी पाहिलं. आणि अंगावरच्या कापडावर चार नंबर."

"पाय पाहिलेत?"

"या धुळीत? पाय देवाला तरी दिसले असतील का शंका आहे."

"आणि मागचे घोडे?"

"ते बरेच मागे होते, धुळीबाहेर. त्यांची डोकी चर्चमधल्या म्हाताऱ्यांसारखी जागच्या जागी. उधळलं ते पुढच्या जोडीतलंच."

"जोडीतलं तुमच्या जवळ कोण होतं, बाई?"

"जवळ चार नंबर. पलीकडे कठड्याशी लिसांद्रो."

"कापड जवळच्याचं पाहिलंत. डोकं कुणाचं पाहिलंत?"

एल्सीराबाईंनी कठड्याकडे पाहिलं. सेनिसा आणि सुल्तान एकाच घोड्याची पोरं, दोघंही करडी, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. आतला घोडा मानभर पुढे असला, तर बाहेरून बघणाऱ्याला डोकं त्याचं दिसतं आणि कापड अलीकडच्या घोडीचं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

उलिसेस लंगडत कठड्यापाशी गेला, वाकला, आणि त्याने मला हाक मारली. कुळवाचे दात कठड्यात अडकतात म्हणून ट्रॅक्टरवाला कधीच अगदी आत जात नाही. कठड्यालगत तीनेक हातांची पट्टी शाबूत राहिली होती. तीत चाकाची एक रेघ कठड्याला चिकटून गेलेली, आणि रेघेशेजारी खुरांचे ठसे: चार खूर एकत्र, मग मोठी मोकळी जागा, पुन्हा चार खूर एकत्र. मागून आलेल्या घोड्यांचे ठसे त्यांवर पडले होते, पण ते समान अंतरावर, सुतारकामासारखे नीट.

औषधवाल्यालाही कळावं इतकं ते स्पष्ट होतं. रहवाल चालीचे ठसे असे पडत नाहीत. इथे एक घोडं चौखूर उधळलं होतं, आणि ते कठड्याला चिकटून धावत होतं.

"चोराच्या उलट्या बोंबा," मी म्हणालो. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "निशाण वर गेलेलं त्याने पाहिलं, आपल्यासाठीच आहे हे ओळखलं, आणि आधी आपणच ओरडला! उलिसेस, घोडी निर्दोष आहे!"

उलिसेस सरळ झाला नाही. तो ठशांकडेच बघत होता.

"घोडी उधळली नाही," तो म्हणाला. "मग तिची वादी कशी तुटली?"

४

हंगामाच्या मोठ्या शर्यतीनंतर क्लबाच्या छपराखाली आसादो होतो. भांडण असो, मयत असो, निखाऱ्यावरचं मांस कुणी चुकवत नाही. ताटं नसतात. पावावर मांसाचा तुकडा घ्यायचा, कमरेची सुरी काढायची आणि उभ्यानेच कापून खायचं. आमच्याकडे माणूस एक वेळ पँट विसरून येईल, सुरी विसरून येणार नाही. दुसऱ्याची सुरी मागणं तर भीक मागण्याच्या बरोबरीचं.

उलिसेसने मला कोपराने ढोसलं. "देल्फोरकडे बघ."

देल्फोर कोपऱ्यात उभा होता. पाव डाव्या हातात, आणि मांस तो दातांनी ओढून तोडत होता. कमरेला मागच्या बाजूला चामड्याचं म्यान होतं, पण त्यातून सुरीची मूठ वर आलेली नव्हती.

"हरवली असेल," मी म्हणालो.

"बापाची सुरी होती ती. चांदीच्या मुठीची. हरवली असती तर तो जेवला नसता, शोधत फिरला असता."

मला तेव्हा कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. वादीचं आतलं चामडं स्वच्छ होतं. वळणावर तुटलेली वादी उरलेल्या शर्यतीभर पायाशी फटफटत राहिली असती, टोकं मातीने काळी झाली असती, घोडीच्या पायांवर वळ उठले असते. ती वादी शर्यतीनंतर कापलेली होती. शर्यतीनंतर घोडीपाशी देल्फोरशिवाय कुणी गेलं नव्हतं.

"उलिसेस," मी म्हणालो, "ठसे आहेत, लिसांद्रोचा जबाब आहे, बाई आपली चूक कबूल करतील. तेवढ्यावर निकाल दे. वादीचं नाव काढू नकोस."

"तेच करणार आहे."

"शपथ घे."

"मी पंच आहे, एवारिस्तो. मी शपथा घेत नाही. पण तेच करणार आहे."

तेवढ्यात थोरले अस्तेजियानो हात पुसत आमच्याकडे आले. "चला," ते म्हणाले, "सगळ्या गावापुढे होऊन जाऊ दे."

५

उलिसेसने छपराखालीच निकाल सांगितला. आधी लिसांद्रोचा जबाब वाचला. "मी आत, कठड्याला चिकटून. पुढे कुणी नाही." मग एल्सीराबाई उभ्या राहिल्या आणि ताठ मानेने म्हणाल्या, "कापड मी एकाचं पाहिलं आणि डोकं दुसऱ्याचं. चूक माझी आहे. उद्यापासून मी मचाणावर चढणार नाही." मग त्याने ठशांचं सांगितलं, आणि ज्याला बघायचं असेल त्याने जाऊन बघावं म्हणाला. पाच-सहा जण गेलेही, आणि परत येऊन त्यांनी माना डोलावल्या.

"उधळला तो सुल्तान," उलिसेस म्हणाला. "तक्रार फेटाळली. सुल्तान या शर्यतीतून बाद."

छपराखाली असा गलका झाला की निखारेवाल्याने चिमटा खाली ठेवला. लिसांद्रोचं तोंड पांढरं पडलं. देल्फोर कोपऱ्यात तसाच उभा, पाव हातात, जणू दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं होतं.

थोरले मात्र शांत होते. त्यांनी माडीवरून बरोबर आणलेली वादी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"माझा मुलगा चुकला असेल," ते म्हणाले. "तरुण आहे. पण उलिसेस, घोडी उधळली नाही, तर ही कशी तुटली? का हे माझ्या मुलाने केलं, असं म्हणायचंय? सांगा ना. तुम्ही आज सगळंच सांगताय."

उलिसेसने वादीकडे पाहिलं. मी मनात म्हणालो, म्हण की, 'माहीत नाही'. एकदा तरी म्हण.

"मुख्य पंच उत्तर देत नाहीत," थोरले म्हणाले. "मग हा निकाल कसला? वरच्या मंडळाकडे जाऊ आपण. तिथे वादीचीही तपासणी होईल आणि तुमचीही."

"मी कापली," कोपऱ्यातून आवाज आला.

देल्फोर पुढे आला. पाव त्याने हळूच टेबलावर ठेवला.

"सुरी घोड्यांच्या हौदात आहे," तो म्हणाला. "काढून घ्या."

"का पण?" माझ्या तोंडून निघून गेलं. "अरे मूर्खा, तू जिंकला होतास! नुसता गप्प बसला असतास तरी जिंकला असतास!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

"मागच्या खेपेलाही ती उधळली नव्हती, एवारिस्तोभाऊ. मी खरं सांगितलं. तुम्ही म्हणालात, निशाण वर गेलं म्हणजे गेलं. या गावात निशाण कधी खोटं ठरलंय? आज मी पुन्हा खरं बोललो, आणि घोडी सोडवताना वाटलं, आता ट्रकच. वादी तुटली असेल तर घोडी दोषी धरत नाहीत. आमच्यासारख्याच्या कामाचा तेवढा एकच नियम मला सापडला. शर्यत जाऊ दे म्हटलं. घोडी राहू दे."

मांस करपल्याचा वास येत होता.

"नियम वाचा, उलिसेस," थोरले म्हणाले.

नियम उलिसेसला पाठ होता. चौकशी चालू असताना सामानात फेरफार केल्यास घोडं त्या शर्यतीतून बाद आणि सारथ्याचा परवाना कायमचा रद्द. त्याने तो सांगितला, एकेक शब्द तोलून. लिसांद्रोला खोट्या तक्रारीसाठी एका महिन्याची बंदी झाली. पहिलं बक्षीस तिसऱ्या आलेल्या घोड्याला गेलं. त्याचा मालक कंटाळून घरी निघाला होता, त्याला रस्त्यावरून परत बोलवावं लागलं.

"घोडीवर निशाण मोजायचं नाही," उलिसेस म्हणाला. "घोडी निर्दोष."

देल्फोरने मान हलवली. "उपकार आहेत," तो म्हणाला, आणि मला खात्री आहे, तो टोमणा नव्हता.

६

परवाना नसलेल्या सारथ्याच्या दारात निर्दोष घोडी म्हणजे नुसतं खायला काळ. देल्फोरने हिवाळा ढकलला, आणि मग लांबच्या एका दलालाला सेनिसा विकली. दलालाने ती कुणासाठी घेतली होती हे त्याला महिन्याने कळलं, सगळ्या गावाला कळलं तेव्हाच.

उलिसेसला क्लबाने प्रकृतीच्या कारणावरून मोकळं केलं. त्याची प्रकृती ठणठणीत होती. मलाही त्यांनी आभाराचा ताम्रपट देऊन घरी बसवलं. मचाणावर आता लिसांद्रोचा मेहुणा बसतो.

पुढच्या मोठ्या शर्यतीला आम्ही दोघं सगळ्यांसारखे कठड्याशी उभे होतो, निलगिरी वळणावर. थोड्या अंतरावर देल्फोर होता. हल्ली तो दुधाचा ट्रक चालवतो. त्या दिवशी धूळ नव्हती, आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि चिखलातला खडादेखील दिसत होता.

सेनिसा आली. अस्तेजियानोंचं निळं कापड अंगावर, मागे लिसांद्रो, सगळ्यांच्या पुढे. देल्फोर तिला कधी चाबूक लावत नसे. जिभेने टक् टक् असा आवाज करायचा, तेवढ्यावर ती चालायची. ती समोर आली तेव्हा त्याने तो आवाज केला. मुद्दाम केला नसावा, सवयीने हात वर जावा तसा तोंडातून निघून गेला.

घोडीचे कान वळले. मान वर गेली, पाय चुकले, आणि ती आमच्या डोळ्यांसमोर चौखूर उधळली. लिसांद्रोने तिला आवरलं नाही. उलट चाबूक मारला. सबंध वळण ती तशीच उधळत गेली आणि बाकीच्यांना पार मागे टाकून सरळ पट्ट्यावर शिरली.

मी मचाणाकडे पाहिलं. मेहुण्याचं निशाण मांडीवर होतं, आणि तो टाळ्या वाजवत होता.

सेनिसा जिंकली. आम्ही वाट पाहिली. दुसऱ्या आलेल्या सारथ्याने माडीकडे एकदा पाहिलं, थुंकला, आणि घोडं तबेल्याकडे वळवलं. त्याचं सोयाबीन अस्तेजियानोंच्याच कोठारात पडून होतं.

"तक्रार फक्त सारथीच करू शकतो ना, साहेब?" देल्फोरने विचारलं.

"हो," उलिसेस म्हणाला. "परवाना असलेला."

निकाल पक्का झाल्याची पाटी वर चढली. देल्फोरने टोपी घातली.

"बघितलंत ना?" तो म्हणाला. "आज ती खरंच उधळली."